लाल रेषा : बुद्धापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतच्या एका झेन परंपरेचा इतिहास

१/
सॅन फ्रान्सिस्को शहरात पेज स्ट्रीटवर ३०० क्रमांकाची लाल विटांची एक जुनी इमारत आहे. तेथील झेन केंद्रात जो साधक विधिपूर्वक शीलग्रहण करतो, त्याला एक नवे नाव मिळते आणि घडी घातलेला एक कागद मिळतो. कागदावर आरंभी शाक्यमुनी बुद्धाचे नाव असते. तेथून निघालेली लाल रेषा महाकाश्यप, आनंद, नागार्जुन, बोधिधर्म अशा नावांमधून भारत, चीन आणि जपान ओलांडते, त्या नवख्या साधकाच्या नावापर्यंत येते आणि तेथून पुन्हा बुद्धाकडे वळते.

२/
या कागदाला जपानी भाषेत ‘केचिम्याकु’ म्हणतात. शब्दाचा अर्थ रक्तवाहिनी. गुरूने शिष्याला समोरासमोर ओळखले, त्या शिष्याने पुढच्या शिष्याला ओळखले, आणि अडीच हजार वर्षांत हा क्रम एकदाही खंडित झाला नाही, असा त्या रेषेचा दावा आहे. इतिहासाच्या कसोटीवर तो टिकतो का? टिकत नसेल, तर ही रेषा कोणी, कधी आणि कशासाठी ओढली? आणि तिच्यातील सांधे ठाऊक असूनही माणसे तिच्यात आपले नाव का लिहवून घेतात? हा थ्रेड या तीन प्रश्नांचा आहे.

३/
‘झेन’ हा शब्द मुळात आपल्या ओळखीचा आहे. संस्कृत ‘ध्यान’, पाली ‘झान’. चिनी लिप्यंतरात तो ‘चान-ना’ झाला, पुढे नुसता ‘चान’ उरला आणि जपानी उच्चारात ‘झेन’ झाला. गुरुपरंपरेची कल्पनाही मराठी वाचकाला नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्तिनाथ अशी आपली परंपरा सांगितली आहे. ग्रंथ कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आला, हे त्या नावांमुळे कळते.

४/
झेनमध्ये या नावांचे महत्त्व आणखी वाढले. चीनमधील इतर बौद्ध पंथांपैकी कोणी सद्धर्मपुंडरीक सूत्राचा आधार घेई, कोणी अवतंसक सूत्राचा. झेनची भूमिका मात्र अशी की बुद्धाचा बोध ग्रंथांवाचून, मनाकडून मनाकडे जातो. ज्याने ग्रंथाचा आधार सोडला, त्याला माणसांचा आधार दाखवणे भाग होते. तुमचा गुरू कोण, त्याचा गुरू कोण, हे सांगता आले तरच ‘हे बुद्धाचेच शिकवणे आहे’ असे म्हणता येणार होते. शिवाय पूर्वजपूजा आणि कुलवंशावळ यांना प्राण मानणाऱ्या चिनी समाजाला ही भाषा तत्काळ समजली.

५/
या परंपरेचा चीनमधील आद्य पुरुष बोधिधर्म. त्याच्याविषयीचा सर्वांत जुना उल्लेख यांग श्वेनझी या लेखकाने लोयांग शहरातील विहारांच्या वर्णनात केला. ते वर्णन इ. स. ५४७ च्या सुमाराचे. त्यात बोधिधर्म हा पारसिक देशातून आलेला, दीडशे वर्षे वयाचा भिक्षू असून एका भव्य स्तूपाकडे पाहून थक्क होतो, एवढेच आहे. दुसऱ्या एका जुन्या परंपरेत तो दक्षिण भारतीय ठरतो. गुहेत नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसणे, सम्राटाशी झालेला संवाद, शिष्याने तोडून दिलेला हात, या सर्व कथा नंतरच्या शतकांत वाढत गेल्या.

६/
बोधिधर्मापासून पिढ्यांची साखळी प्रथम दिसते ती एका मृत्युलेखात. फारु नावाचा भिक्षू ६८९ साली वारला. त्याच्या स्मरणार्थ कोरलेल्या लेखात बोधिधर्म, हुइको, सेंगत्सान, डाओशिन, हुंगरेन आणि फारु असा क्रम दिला आहे. म्हणजे बोधिधर्माच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षांनी ही नावे एका ओळीत आली. यातही मधल्या सेंगत्सानविषयी विश्वसनीय माहिती जवळजवळ नाहीच. साखळी जुळवण्यासाठी एक दुवा हवा होता, आणि त्या जागी त्याचे नाव बसले, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

७/
पुढे या साखळीवरून भांडण पेटले. हुंगरेनचा शिष्य शेनशिउ याला सम्राज्ञी वू हिने राजधानीत सन्मानाने बोलावले होते. सहावा आचार्य तोच, अशी समजूत होती. ७३२ च्या सुमारास शेनहुइ या भिक्षूने जाहीर वादसभेत तिला आव्हान दिले. खरा सहावा आचार्य दक्षिणेकडील हुइनेंग, वस्त्र त्यालाच मिळाले, असे त्याने सांगितले. हुइनेंग हा शेनहुइचा स्वतःचा गुरू होता, हे लक्षात घेतले म्हणजे या आग्रहामागील हेतू स्पष्ट होतो. कालांतराने शेनहुइचा पक्ष जिंकला. आज जगातील प्रत्येक झेन परंपरा स्वतःला हुइनेंगची वारस म्हणवते.

८/
भारताकडील बाजूही अशीच घडत गेली. शेनहुइने बुद्धापासून बोधिधर्मापर्यंत आठच पिढ्या मोजल्या होत्या. हजार वर्षांच्या कालावधीला आठ पिढ्या फारच अपुऱ्या, हे लवकरच इतरांच्या ध्यानात आले. निरनिराळ्या याद्या तयार झाल्या. ८०१ सालच्या ‘बाओलिन झुआन’ या ग्रंथात अठ्ठावीस भारतीय आचार्यांची यादी स्थिरावली आणि १००४ साली सोंग दरबाराला सादर झालेल्या ‘जिंगद चुआनदंग लू’ या दीपपरंपरेच्या ग्रंथाने तिला राजमान्यता दिली. अश्वघोष, नागार्जुन, वसुबंधू ही त्यातील नावे इतिहासात आहेत. परंतु ते एकमेकांचे गुरुशिष्य होते, याला भारतीय आधार नाही.

९/
हे सारे उघडकीस कसे आले? १९०० साली डुनहुआंगच्या लेण्यांत भिंतीआड दडलेले ग्रंथभांडार सापडले. त्यातील हजारो हस्तलिखिते लंडन आणि पॅरिसला गेली. १९२६ साली चिनी विद्वान हू शि यांना त्या दोन शहरांत शेनहुइचे विस्मृत लेखन मिळाले. त्यावरून त्यांनी दाखवले की झेनचा पारंपरिक इतिहास हा विजेत्या पक्षाने लिहिलेला इतिहास आहे. १९५३ साली हू शि आणि डी. टी. सुझुकी यांच्यात या विषयावर गाजलेला वाद झाला. झेन इतिहासाच्या चौकटीत समजतो, असे हू शि यांचे म्हणणे. सुझुकींना ते मान्य नव्हते.

१०/
मग रेषा खोटी म्हणून कागद फाडून टाकावा काय? त्याआधी तिच्यातील एक विलक्षण सांधा पाहिला पाहिजे. सोतो हा झेनचा एक प्रमुख पंथ. चिनी उच्चार ‘त्साओतुंग’. अकराव्या शतकात या पंथाचे आचार्य दायांग जिंगश्वान वृद्ध झाले आणि त्यांचे वारस त्यांच्या डोळ्यांदेखत निवर्तले. परंपरा संपण्याची वेळ आली. तेव्हा त्यांनी आपले चित्र, पादत्राणे आणि वस्त्र फुशान फायुआन या भिक्षूकडे सोपवले. फायुआन दुसऱ्याच पंथाचा, लिनजी शाखेचा होता. योग्य माणूस भेटला तर हे त्याला दे, एवढीच विनंती होती.

११/
दायांग १०२७ साली वारले. फायुआनने ती ठेव वर्षानुवर्षे सांभाळली आणि अखेर तौत्स यीचिंग या तरुणाला दायांगच्या नावाने वारसा दिला. तौत्सचा जन्म १०३२ सालचा. म्हणजे ज्या गुरूचा तो शिष्य ठरला, त्या गुरूच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी तो जन्मला होता. समोरासमोर भेटीचा दावा करणारी रेषा येथे एका परक्या पंथाच्या प्रामाणिकपणावर तरली. फायुआनने ती ठेव आपल्या पंथाच्या खात्यात जमा केली असती, तर कोणी विचारणारे नव्हते. पुढे जपानला गेलेली सोतो परंपरा ही याच तौत्सची.

१२/
ती जपानला नेली दोगेन यांनी. १२०० साली जन्मलेले हे भिक्षू १२२३ साली चीनला गेले. तियानतुंग पर्वतावरील रुजिंग या आचार्यांपाशी त्यांचा शोध संपला आणि १२२७ साली ते परतले. १२४४ साली एचिझेन प्रांताच्या डोंगरात त्यांनी जो मठ स्थापला, तोच पुढे ‘एइहेइजी’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यांची शिकवण अशी की ध्यानाला बसणे हे बुद्धत्वाकडे नेणारे साधन नसून बसणे हेच बुद्धत्वाचे प्रकट रूप आहे. राजधानीपासून दूर राहिलेला हा लहानसा संप्रदाय पुढील शतकांत खेड्यापाड्यांत पसरला.

१३/
पसरला तेव्हा वारशाला नवे वळण लागले. मध्ययुगीन जपानमध्ये भिक्षू नव्या मंदिराचा प्रमुख झाला की पूर्वीची गुरुपरंपरा सोडून त्या मंदिराची परंपरा घेई. काही जणांची वंशावळ आयुष्यात अनेकदा बदले. मानझान दोहाकु आणि बाइहो जिकुशिन या भिक्षूंना हे सहन होईना. दोगेन यांच्या लेखनाचा आधार घेऊन त्यांनी एदो येथील शोगुन सरकारकडे दाद मागितली. १७०३ साली निकाल लागला : एका भिक्षूचा गुरू एकच, आणि वारसा समोरासमोरच. मनाकडून मनाकडे जाणाऱ्या बोधाची पद्धत अशा रीतीने सरकारी आदेशाने निश्चित झाली.

१४/
१८७२ साली मेइजी सरकारने भिक्षूंना विवाहाची आणि मांसाहाराची मोकळीक दिली. हळूहळू मंदिरे पित्याकडून पुत्राकडे जाऊ लागली. ज्या रक्ताच्या नात्याला वगळून गुरुशिष्यांची ‘रक्तरेषा’ उभी राहिली होती, ते नाते तिच्यात शिरले. अशाच एका मंदिरात, सोतो भिक्षूच्या पोटी, १९०४ साली शुनर्यू सुझुकी जन्मले. हू शि यांच्याशी वाद घालणारे डी. टी. सुझुकी वेगळे, आडनावाखेरीज दोघांत संबंध नाही. मेइजी काळातील बौद्धविरोधी लाटेत अनेक मंदिरांची दैना झाली होती, आणि शुनर्यू यांचे बालपण गरिबीत गेले.

१५/
बारा-तेरा वर्षांचा हा मुलगा घर सोडून वडिलांचेच शिष्य ग्योकुजुन सो-ओन यांच्याकडे शिकायला गेला. गुरू कडक होते. सोबतची मुले एकेक करून निघून गेली, शुनर्यू राहिले. १९२६ साली त्यांना सो-ओन यांच्याकडून वारसा मिळाला. कोमाझावा विद्यापीठातून ते १९३० साली पदवीधर झाले. पुढे एइहेइजी येथे शिकले आणि याइझु गावच्या रिन्सोइन मंदिराचे प्रमुख झाले. परदेशी जाण्याची त्यांची इच्छा तरुणपणापासूनची. ती फळाला आली तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते.

१६/
२३ मे १९५९ रोजी सुझुकी सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. बुश स्ट्रीटवरील सोकोजी या मंदिराचे पुजारीपद त्यांना मिळाले होते. १९३४ साली होसेन इसोबे यांनी स्थापलेले हे मंदिर एका जुन्या यहुदी प्रार्थनागृहात भरत असे आणि जपानी वंशाच्या कुटुंबांचे होते. या कुटुंबांनी बरेच सोसले होते. फेब्रुवारी १९४२ मधील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर त्यांना घरेदारे सोडून तारेच्या कुंपणातील छावण्यांत राहावे लागले. युद्धानंतर परतून त्यांनी वस्ती पुन्हा उभारली, तोच नगरविकासाच्या योजनांनी तीच वस्ती पाडण्यास घेतली. सोकोजी हा त्यांचा मोजक्या उरलेल्या आसऱ्यांपैकी एक होता.

१७/
काही दिवसांतच झेनविषयी वाचलेले गोरे अमेरिकन दारात येऊ लागले. कोणी शिक्षिका होती, कोणी चित्रकार. झेन शिकवाल का, असे ते विचारत. सुझुकी सांगत की आपण रोज पहाटे पावणेसहाला ध्यानाला बसतो, हवे तर या. प्रवेशाची अट, दीक्षा, श्रद्धेची कबुली यांपैकी काही नव्हते. आलेल्याला मांडी कशी घालावी, पाठ कशी ठेवावी, श्वास कसा मोजावा, हे दाखवले जाई. मग सारे भिंतीकडे तोंड करून बसत. जो दुसऱ्या दिवशी पुन्हा येई, तो त्या मंडळीतला होई.

१८/
या स्वागताचे मर्म वेळापत्रकात होते. जपानमध्ये सामान्य गृहस्थ मंदिरात येई तो मुख्यतः श्राद्धकर्मांसाठी. ध्यान हा भिक्षूंच्या शिक्षणाचा भाग होता. सुझुकी यांनी ते नोकरी करणाऱ्या, संसारी, अर्धवट जिज्ञासू माणसांपुढे ठेवले आणि भिक्षू व गृहस्थ यांच्यात मोठी भिंत उभारली नाही. नवशिक्याचे मन रिकामे असते म्हणून त्यात शक्यता पुष्कळ, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. ज्याला काहीच येत नाही, त्याला त्यामुळे त्या खोलीत संकोच वाटत नसे. १९६२ साली या मंडळीची ‘सॅन फ्रान्सिस्को झेन सेंटर’ ही संस्था नोंदवली गेली.

१९/
१९६६ साली संस्थेने कॅलिफोर्नियाच्या डोंगरातील तासाहारा हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे ठिकाण घ्यायचे ठरवले. किंमत तीन लाख डॉलर. जवळ पैसा नव्हता. देणगीदार शोधले, ग्रेटफुल डेडसारख्या रॉक वाद्यवृंदांनी मदतीसाठी कार्यक्रम केला. जुलै १९६७ मध्ये तेथे सोतो पंथाचा आशियाबाहेरील पहिला प्रशिक्षण मठ सुरू झाला. एइहेइजीच्या शिस्तीवर बेतलेल्या या मठात स्त्रिया आणि पुरुष एकत्र शिकत, ही मोठीच नवी गोष्ट होती. वर्षाचा काही काळ साधना आणि उन्हाळ्यात पाहुण्यांचे आदरातिथ्य, असा त्याचा क्रम ठरला.

२०/
शहरात मात्र पेच वाढत होता. एका छताखाली दोन समाज होते. एकीकडे छावणी भोगून आलेली जपानी कुटुंबे, ज्यांना मंदिर म्हणजे पूर्वजांचे विधी, सणवार आणि आपली भाषा. दुसरीकडे साठच्या दशकातील लांब केसांची, अनवाणी येणारी तरुण मंडळी, ज्यांची संख्या रोज वाढत होती. आपल्या पुजाऱ्याला आपल्यासाठी वेळ नाही, ही पहिल्यांची तक्रार गैरवाजवी नव्हती. त्यांचा निवारा त्यांनी एकदा गमावलेला होता. १९६९ साली सुझुकी यांनी सोकोजीचे पद सोडले. एका गटाला दिलेल्या मुक्त प्रवेशाची किंमत दुसऱ्या गटाने मोजली. झेन केंद्राच्या गौरवकथा सांगताना ही बाजू बहुधा मागे राहते.

२१/
नोव्हेंबर १९६९ मध्ये संस्था पेज स्ट्रीटच्या इमारतीत आली. ही वास्तू १९२२ साली जूलिया मॉर्गन या नामवंत वास्तुविशारद स्त्रीने यहुदी मुलींच्या वसतिगृहासाठी उभारली होती. पुढच्या वर्षी सुझुकी यांच्या प्रवचनांचे ‘झेन माइंड, बिगिनर्स माइंड’ हे पुस्तक निघाले. मेरियन डर्बी यांनी प्रवचने ध्वनिमुद्रित केली होती. ट्रूडी डिक्सन यांनी कर्करोगाशी झुंजत त्यांचे संपादन केले आणि पुस्तक छापून येण्यापूर्वीच, १९६९ साली, त्या वारल्या. ज्या ग्रंथाने हे केंद्र जगाला ठाऊक झाले, तो दोन स्त्रियांच्या श्रमांतून आकाराला आला. केचिम्याकुच्या रेषेवर त्या दोघींची नावे नाहीत.

२२/
१९७१ साली सुझुकी यांना कर्करोगाने गाठले. अमेरिकन शिष्यांपैकी केवळ एकाला, रिचर्ड बेकर यांना, त्यांनी पूर्ण वारसा दिला होता. नोव्हेंबरमध्ये बेकर यांना मठाधिपतिपदावर बसवण्याचा समारंभ झाला. सुझुकी अशक्त अवस्थेत त्यास उपस्थित राहिले. ४ डिसेंबर १९७१ रोजी पहाटे, इमारतीत ध्यानसत्राला प्रारंभ होत असताना, त्यांचे निधन झाले. अमेरिकेत त्यांना जेमतेम साडेबारा वर्षे मिळाली. शेकडो साधक मागे राहिले आणि त्यांच्यापर्यंत येणारी लाल रेषा अमेरिकेत एकाच माणसातून जात होती.

२३/
बेकर यांच्या काळात संस्था झपाट्याने वाढली. १९७२ साली समुद्राजवळचे ग्रीन गल्च हे शेत मिळाले, १९७९ साली ‘ग्रीन्स’ हे शाकाहारी उपाहारगृह निघाले. साधक अल्प वेतनावर दीर्घकाळ राबत. १९८३ साली हे सारे हादरले. मठाधिपतींचे संघातील एका विवाहित स्त्रीशी असलेले संबंध उघड झाले. त्यांच्या खर्चाविषयी आणि एकवटलेल्या सत्तेविषयी वर्षानुवर्षे दबलेले प्रश्न बाहेर आले. वर्षअखेरीस बेकर यांनी राजीनामा दिला. अनेक साधक संघ सोडून गेले.

२४/
या संकटाचे मूळ एका व्यक्तीच्या वर्तनापेक्षा खोल होते. बुद्धापासून अखंड आलेला बोध ज्याच्यापाशी आहे, त्याला प्रश्न कसा विचारायचा? रेषेच्या पावित्र्याने तिच्या टोकावरील माणसाला हिशेबापासून संरक्षण दिले होते. ही रेषा शेनहुइने वादात रचली, सोंग दरबाराने मान्य केली, शोगुन सरकारने निश्चित केली, हा इतिहास तोवर विद्वानांच्या ग्रंथांत होता. साधकांच्या रोजच्या जीवनात तो उतरला नव्हता. परंपरेचा इतिहास न जाणण्याची किंमत काय असते, ते १९८३ साली दिसून आले.

२५/
आता प्रश्न होता की पुढचा वारसा कोठून आणायचा. उत्तर याइझु गावातून आले. सुझुकी यांचे पुत्र आणि धर्मवारस होइत्सु सुझुकी हे रिन्सोइन मंदिर सांभाळत होते. वडिलांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिलेले काम त्यांनी हाती घेतले होते : १९७८ साली त्यांनी बिल क्वाँग यांना वारसा दिला आणि १९८४ साली बर्कली झेन केंद्राचे मेल वाइट्समन यांना. तौत्सची गोष्ट नव्या रूपात पुन्हा घडली. मृत गुरूची ठेव तिसऱ्याने सांभाळली आणि ज्याची त्याला पोचती केली.

२६/
संघाने रेषा राखली, पण तिच्याभोवती नियम बांधले. निर्णय निवडून आलेल्या मंडळाकडे गेले, मठाधिपतिपदाला मुदत आली आणि १९८८ पासून दोन मठाधिपती एकाच वेळी काम पाहू लागले. १९९६ साली ब्लँश हार्टमन या केंद्राच्या पहिल्या स्त्री मठाधिपती झाल्या. १९६८ सालच्या विद्यार्थी आंदोलनात समोर उभ्या असलेल्या पोलिसाच्या डोळ्यांत पाहताना आपल्यातील वैरभाव गळून पडला, असे त्या सांगत. त्या अनुभवाचा अर्थ शोधत त्या झेनकडे आल्या. त्यांना वारसा वाइट्समन यांच्याकडून मिळाला होता. साधकांना दीक्षावस्त्र शिवायला शिकवणे हे त्यांचे आवडते काम. प्रत्येक टाक्यासोबत शरण जाण्याचा मंत्र म्हणायचा असतो.

२७/
रेषेची दुसरी फांदीही दृष्टीआड करता येत नाही. इस्सान डॉर्सी हे एकेकाळी स्त्रीवेषात रंगमंचावर काम करणारे, व्यसनांत बुडालेले कलावंत. सुझुकी यांच्या मंडळीत ते आले आणि रमले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो या समलिंगी वस्तीतील हार्टफर्ड स्ट्रीट झेन केंद्रात त्यांनी १९८७ साली ‘मैत्री’ हे एड्सच्या रुग्णांसाठी अंतकाळचे सेवाघर सुरू केले. त्या काळी एड्सच्या रुग्णाला स्पर्श करण्यासही लोक धजत नसत. १९९० साली त्याच आजाराने इस्सान वारले. त्यांना वारसा देणारे गुरू होते रिचर्ड बेकर. डागाळलेल्या दुव्यातूनही करुणा पुढे गेली, आणि त्यामुळे दुव्यावरील डाग पुसला गेला नाही.

२८/
एक उणीव शतकानुशतके राहिली होती. सकाळच्या उपासनेत पूर्वजांची जी नावे म्हटली जातात, त्यांत एकही स्त्री नव्हती. अमेरिकन साधिकांनी जुन्या ग्रंथांतून नावे गोळा केली : पहिली भिक्षुणी महाप्रजापती गौतमी, थेरीगाथेतील खेमा आणि धम्मदिन्ना, बोधिधर्माची शिष्या मानली गेलेली झोंगची, पुरुष भिक्षूंना शिकवणारी मोशान लियाओरान. २०१० साली उत्तर अमेरिकेतील सोतो आचार्यांच्या संघटनेने स्त्री-पूर्वजांचा दस्तऐवज मान्य केला. या स्त्रिया एकमेकींच्या गुरुशिष्या होत्या, असा दावा त्यात नाही. अखंडतेचा आग्रह सोडल्यावर त्यांना जागा मिळाली.

२९/
आता पहिल्या पोस्टमधील कागदाकडे परतू. त्यावरील लाल रेषा इतिहास म्हणून तपासली तर तिच्यात मृत्युलेख आहे, वादसभा आहे, आठाचे अठ्ठावीस झालेले आचार्य आहेत, मृत गुरूचा न भेटलेला शिष्य आहे, न्यायनिवाडा आहे, पित्याचे ऋण फेडणारा पुत्र आहे. मनाकडून मनाकडे बोध अखंड आला की नाही, हे कोणतेही हस्तलिखित सांगणार नाही. पण ही रेषा प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी पुन्हा ओढली, एवढे पुराव्याने सिद्ध होते.

३०/
पेज स्ट्रीटवर आजही नवख्यांसाठी ध्यानाचे वर्ग चालतात. आलेल्याला मांडी, पाठ, श्वास एवढेच प्रथम शिकवतात. त्यांतील बहुतेक जण केचिम्याकुपर्यंत पोहोचत नाहीत, आणि त्यांना कोणी थांबवतही नाही. जो पोहोचतो, त्याला मिळालेल्या कागदावर ती रेषा त्याच्या नावापाशी येऊन वळते. दायांगची पादत्राणे सांभाळणाऱ्या फायुआनचे नाव त्या रेषेवर नाही. तरी कागद हाती घेणाऱ्याने बुद्धाच्या नावाखालोखाल आठवावे, ते त्याचेच.